क्रीजच्या बाहेर

संध्यानं टी-शर्टची घडी मोडली आणि आधी त्याची पाठ बघितली. पाठीवर मोठ्या निळ्या अक्षरांत ‘सदिच्छादूत’ असं छापलेलं होतं.

“ऋतुराज, हा दुसऱ्या कुणाचा आलाय का माझ्याकडं?”

अकादमीचा मालक ऋतुराज मोबाइलवर मांडववाल्याशी हुज्जत घालत होता. हातानंच ‘एक मिनिट’ अशी खूण करून त्यानं बोलणं आवरलं. “नाही मॅडम, तुमचाच आहे. साइज बरोबर आहे ना?”

“साइज बरोबर आहे. पण मला तर तुम्ही मुख्य प्रशिक्षक म्हणाला होतात.”

“अहो मॅडम, सदिच्छादूत म्हणजे त्याहून मोठं पद!” ऋतुराज हसला. त्याचं हसू वधूपक्षाला समजावणाऱ्या मध्यस्थासारखं होतं. “प्रशिक्षक काय, कुणीही होतो. सदिच्छादूत व्हायला इंडिया खेळलेलं माणूस लागतं. कोचिंगला शंतनू सर आहेत. त्यांचे कोर्स झालेत, पुण्यात मोठ्या क्लबात होते. पालक पहिलं सर्टिफिकेट विचारतात हो. मी तरी काय करू?”

मांडवाच्या कमानीवर भलामोठा बॅनर लावला होता. सगळ्यात वर, अर्धी जागा व्यापून, हात जोडलेले कारभारी आप्पा. ह्या प्रभागात आप्पांच्या शब्दाबाहेर काही होत नसे. बायपासलगतची ही जागा अकादमीला मिळाली तीही त्यांच्याच शब्दानं. आप्पांच्या खाली एका कोपऱ्यात संध्या होती. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या संघाच्या फोटोतून तिला कापून काढलेलं होतं. कापणाऱ्यानं घाई केली असावी, कारण शेजारच्या मुलीचा खांदा तसाच राहिला होता. खाली लिहिलं होतं, ‘छत्रपती संभाजीनगरची सुकन्या, आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू संध्याताई वाहूळ’.

संध्यानं टी-शर्ट अंगातल्या कुडत्यावरून चढवला. पाठीवरचं आपल्याला दिसत नाही, हे एक बरं होतं.

भारताच्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला, त्याच आठवड्यात हा ऋतुराज रेल्वे स्टेशनवर बुकिंगच्या खिडकीशी येऊन उभा राहिला होता. “तुम्हीच ना संध्या वाहूळ? मी मुलींची बॅच सुरू करतोय. हेड कोच तुम्हीच!” मागं रांगेतली माणसं ओरडत होती, गाडीची वेळ झाली होती, आणि संध्यानं परभणीला जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला जालन्याचं तिकीट फाडून दिलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. म्हातारा परत येऊन भांडला तेव्हाही ती हसतच होती.

त्याच सुमारास तिची बढती निघाली होती, नांदेडला. तिच्या सुपरवायझरनं तिला समोर बसवून समजावलं. “बाई, नाकारू नका. नाकारलं की वर्षभर नाव निघत नाही, आणि त्यानंतर निघेलच असं कोण सांगणार?” संध्यानं त्याच दिवशी नकार लिहून दिला. सकाळी मैदान, मग ड्यूटी, असं सगळं तिनं मनात लावून टाकलं होतं. पोरींना पहिला महिना बॅटच द्यायची नाही, नुसतं खाली वाकायला शिकवायचं, इथपर्यंत तिचं ठरलं होतं.

ती स्वतः वाकायला शिकली ती नागसेनवनातल्या एका कॉलेजच्या मैदानावर. तिचा बाप मोतीराम तिथं माळी होता. खेळपट्टीला पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुना आखायचा, हे त्याचं काम. पोरांची नेट चालू असली की सुटलेले बॉल आणून द्यायला संध्या स्टंपांच्या मागं उभी राहायची. हळूहळू बॉल सुटेनासेच झाले. मग कुणीतरी तिच्या हातात फाटके ग्लोव्हज दिले. कॉलेजच्या संघाचा कीपर आजारी पडला तेव्हा आपसातल्या सराव सामन्यात तिला उभं केलं, आणि तिनं त्यांच्याच कॅप्टनला यष्टिचीत केलं. तो कॅप्टन आठवडाभर मोतीरामशी बोलला नाही.

पुढं विद्यापीठ, मग राज्य, मग खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेची नोकरी, आणि एके दिवशी भारताचा संघ. तेव्हा बायकांच्या क्रिकेटला कुणी विचारत नव्हतं. पोरी आपापली किट पायाशी घेऊन डब्यात बसून जात, शाळांच्या हॉलमध्ये झोपत. न्यूझीलंडला गेल्या तेव्हा तिथल्या भारतीय कुटुंबांनी त्यांना वाटून घेतलं होतं. संध्या ज्या घरी होती तिथल्या बाई तिला रोज सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसवायच्या, कारण तिथलं गवत ओलं आणि बॉल दगडासारखा गार. संध्या चार सामने खेळली. चौथ्यात उजव्या हाताची तर्जनी मोडली. तशीच बांधून तिनं डाव संपवला.

परत आली त्या दिवशी स्टेशनवर एकटा मोतीराम उभा होता. कामावरून तसाच आलेला, पायांवर मातीचे शिंतोडे. त्यानं ‘कशी खेळलीस’ विचारलं नाही. “हात दाखव,” म्हणाला. बोट बघितलं, आणि तिची बॅग खांद्यावर घेऊन पुढं चालू लागला.

बोट जुळलं ते वाकडंच. पुढच्या दौऱ्याला दुसरी कीपर गेली. तू संघात नाहीस, असं संध्याला कुणी सांगितलं नाही. फक्त बोलावणं आलं नाही. वर्षभर ती वाट बघत राहिली, मग वाट बघणं आपोआप थांबलं. टीव्हीवर ते सामने कधी दिसलेच नव्हते. त्यामुळं ‘मी इंडिया खेळले’ असं सांगितलं की लोक तिच्याकडं बघायचे आणि विचारायचे, “म्हणजे कॉलेजच्या संघात का?” काही दिवसांनी तिनं सांगणंच सोडून दिलं. मधे एकदा तिनं आपल्या हिमतीवर मुलींची नेट सुरू केली होती. दिवाळीत ते मैदान ग्राहक पेठेला दिलं, नंतर फटाक्यांना, नंतर एका लग्नाला. मांडवाचे खड्डे बुजवता बुजवता पोरी गळत गेल्या.

“संध्ये, अगं लई ऊन हाय. डोक्याला काय तरी बांध.”

तिची आई मालनबाई रिक्षातून उतरून मांडवाकडं येत होती. सत्तरी ओलांडलेली, पांढरं स्वच्छ लुगडं नेसलेली, हातात पाण्याची बाटली. आईनं संध्याचा एकही सामना पाहिला नव्हता. समर्थनगरातली धुण्याभांड्याची घरं सुटत नसत, आणि सुटली असती तरी कुठं जायचं, हा प्रश्नच होता. पोरगी बॅग घेऊन जाते आणि सुजलेले हात घेऊन येते, एवढंच तिला क्रिकेट माहीत होतं. हळद गरम करून ती त्या हातांना लावत असे. आज संध्यानं तिला मुद्दाम बोलावलं होतं.

“बस हितं, सावलीत,” संध्यानं तिला पहिल्या रांगेच्या कडेची खुर्ची दिली.

“काय लिव्हलंय गं पाठीवर?”

“काही नाही. अकादमीचं नाव हाय.”

आईला बसवून ती परत ऋतुराजकडं गेली. जाताना तिनं मनाशी ठरवलं होतं की, रागवायचं नाही. वर्षभर तर आता इथंच राहायचंय.

“हे बघा ऋतुराज, पद नको मला. शंतनू सर हेड कोच, चांगली गोष्ट आहे. मला आठवड्यातून दोन सकाळी द्या. ज्या पोरींना कीपिंग करायचंय तेवढ्याच घेईन मी. बॅनरवर नाव नको, काही नको.”

एवढं बोलताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. भारताचे ग्लोव्हज घातलेली बाई एका तिशीतल्या पोरासमोर उभी राहून दोन सकाळी मागत होती.

ऋतुराजनं इकडंतिकडं बघितलं. “मॅडम, आप्पा खूश झाले पाहिजेत आज. मैदानाचा करार वाढवायचाय, सगळं त्यांच्याच हातात आहे. तुमचं मी घालतो कानावर. उद्घाटनाला ते बॅटिंग करणार आहेत, एक-दोन बॉल. तुम्ही फक्त मागं उभ्या राहा. भारताची कीपर मागं आणि आप्पा पुढं, असा फोटो पाहिजे. तेवढं छान झालं की तुमच्या दोन सकाळी पक्क्या समजा.”

“पक्क्या?”

“पक्क्या!”

कारभारी आप्पा उशिरा आले. नारळ फुटला, हार झाले, आणि आप्पा पांढऱ्या सदऱ्यावरच बॅट घेऊन खेळपट्टीवर उभे राहिले. संध्यानं अकादमीचे ग्लोव्हज चढवले. नवे, कडक होते. वाकडं बोट आत नीट बसेना. ती स्टंपांमागं खाली बसली. गुडघे बोलले. पण बसल्याबरोबर एकदम सगळं ओळखीचं झालं. समोर तीन काठ्या, त्यांच्यापुढं एक माणूस, पलीकडं बॉल घेतलेलं पोर. बाकी मांडव, लाउडस्पीकर, बॅनर, सगळं मागं सरलं.

बॉलिंगला मृण्मयी नावाची बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. तिला सांगून ठेवलं होतं, हळू टाक. टेनिसचाच बॉल होता. तिनं घाबरत घाबरत टाकला, आणि तो पडून थोडासा बाहेर वळला. आप्पांनी फोटोग्राफरकडं बघत मोठं पाऊल पुढं टाकलं आणि बॅट फिरवली. बॅट हवेतून गेली.

बॉल संध्याच्या हातात आला होता. त्यापुढं काय झालं ते तिनं केलं असं म्हणता येणार नाही. तिच्या हातांनी केलं. बेल्स उडाल्या आणि तिच्याच तोंडून खणखणीत अपील निघालं. सगळ्या मैदानावर ते ऐकू गेलं.

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग मागं उभ्या असलेल्या पोरींतून एक शिट्टी आली, दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या आणि मोठ्यांची तोंडं बघून थांबवल्या. आप्पा वळले. हसले, पण नुसते दात दिसले.

“ताई, पाहुण्याला असं घरातनं बाहेर काढत्यात व्हय?”

सगळे जोरात हसले. ऋतुराज धावत आला. संध्याजवळ वाकून तो दबक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, फोटो व्हायचा होता ना! मी तुमचं आत्ताच त्यांच्या कानावर घातलं होतं. काय केलंत हे?” मग आवाज चढवून सगळ्यांना म्हणाला, “ही ट्रायल होती! आता खरा बॉल!”

संध्यानं पडलेल्या बेल्स उचलल्या आणि एकेक करून जागेवर ठेवल्या. कितीतरी वर्षांनी तिची बोटं जशी हलायला हवीत तशी हलली होती, आणि त्याबद्दल आता तिनं माफी मागायची होती.

“सॉरी आप्पा,” ती म्हणाली.

दुसरा बॉल. मृण्मयीनं आणखी हळू टाकला. आप्पांनी आणखी मोठं पाऊल टाकलं, आणि बॉल पुन्हा बॅटखालून निघून आला. संध्याच्या हातात तो आला तेव्हा आप्पा क्रीजच्या चांगले हातभर बाहेर होते. पायात पाय अडकून त्यांचा तोल गेला होता आणि ते बॅटचा आधार घेऊन उभे राहू पाहत होते. संध्याचे हात पुढं निघाले. तिनं ते थांबवले.

तसं थांबवायला फार जोर लागला. ऋतुराज तिच्याकडं बघत होता. शंतनू सर, काळा चष्मा, हाताची घडी, तेही बघत होते. पोरी बघत होत्या. दोन सकाळी, दोन सकाळी, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं. आप्पा सावरले, मागं वळून तिच्या हातातल्या बॉलकडं बघितलं, सावकाश चालत क्रीजमध्ये आले आणि बॅट आपटली.

“असं!” ऋतुराज टाळ्या वाजवत म्हणाला.

तिसरा बॉल आप्पांच्या बॅटला लागला. बॉल अडवायचा नाही असं पोरींना सांगितलेलं होतं, म्हणून तो चुन्याच्या रेषेपर्यंत सरपटत गेला. फोटो निघाले. लाउडस्पीकरवरचा निवेदक गरजला, “भारताच्या यष्टिरक्षक संध्याताई वाहूळ यांनी आज आप्पांची फलंदाजी अगदी जवळून पाहिली!”

भाषणं झाली. अल्पोपाहाराची पाकिटं वाटली. आप्पांची गाडी धूळ उडवत गेली. संध्या शंतनू सरांच्या दिशेनं निघाली, तेवढ्यात ऋतुराज मधेच आडवा आला.

“मॅडम, सरांशी बोललो मी. ते म्हणतात, दोन वेगळ्या पद्धती झाल्या की मुली गोंधळतात. सुरुवातीला तरी नको.”

“पक्क्या म्हणाला होतात तुम्ही.”

“माझी इच्छा आहेच हो. पण टेक्निकल गोष्टीत मी कसा बोलू? मोठी मॅच असली, बक्षीस समारंभ असला, की तुम्हाला बोलावल्याशिवाय राहणार नाही.”

संध्याला खूप बोलायचं होतं. नांदेडबद्दल, त्या खिडकीबद्दल. पण ज्याला सांगायचं त्याचं अर्धं लक्ष मोबाइलकडं होतं. ती वळली आणि आईकडं आली. मांडव रिकामा होत होता. मालनबाई पाकीट न उघडता मांडीवर ठेवून मैदानाकडंच बघत बसली होती.

“संध्ये, एक इचारू का?”

“इचार.”

“पैल्या बारीला तू काठ्या पाडल्यास, म्हंजी तो मानूस बाद झाला ना? त्यो रेघंच्या भाईर व्हता म्हनून?”

“व्हय.”

“मंग दुसऱ्या बारीला तर त्यो लईच भाईर व्हता. तवा काऊन नाय पाडल्यास?”

संध्यानं आईकडं बघितलं. ज्या बाईनं जन्मात एक सामना पाहिला नव्हता, तिनं पहिलाच पाहिला आणि नेमकं तेच पाहिलं.

“काम व्हतं त्याच्याकडं,” अखेर ती म्हणाली.

“मंग झालं का काम?”

“नाय.”

मालनबाईनं मान हलवली. ना राग, ना कीव. कामाच्या घरांतल्या मालकिणींची असली आश्वासनं तिनं आयुष्यभर ऐकली होती, आणि कुठलं काम होतं, कुठलं होत नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

संध्यानं डोक्यावरून टी-शर्ट काढला, घडी केली आणि ऋतुराजला नेऊन दिला. “हे ठेवा. आणि बॅनरवरचा माझा फोटो काढा.”

“मॅडम, असं काय करता? शहरभर लागलेत ते.”

“आज उतरवा.”

“आज माणसं नाहीत. आणि खरं सांगू? आप्पांचा फोटो आहे त्याच्यावर, मला हात लावता येत नाही.”

त्यावर संध्या एकदम हसली. ऋतुराजला वाटलं, मॅडम निवळल्या. तोही हसला. पण ती तशीच त्याच्याकडं बघत राहिली तेव्हा त्याचं हसू हळूहळू विझलं, आणि तो मांडववाल्याला हाका मारत निघून गेला.

रिक्षा मिळायला वेळ होता. दुपार कलली होती, बायपासवरून ट्रक धडधडत होते. माणसं कनाती सोडत होती, खुर्च्या एकात एक घालत होती. खेळपट्टीवर स्टंप अजून तसेच होते.

“आलोच हाओत तर दाखव की मला,” मालनबाई म्हणाली.

“काय?”

“तू काय करायचीस ते. तिकडं बापाला म्हाईत, लोकांना म्हाईत. मी कवा बघितलं? आज बघितलं तर मधी त्यो धिप्पाड मानूस. तुझं तोंडच दिसंना.”

“आता? बॉल नाय, कुणी नाय.”

“नसू दे. मला कळतंय.”

संध्या नको म्हणणार होती. मग तिनं चपला काढून आईच्या खुर्चीखाली ठेवल्या आणि अनवाणी खेळपट्टीवर गेली. माती तापलेली होती. स्टंपांच्या मागं ती खाली बसली, तळवे उघडे, बोटं जमिनीकडं. एक वाकडं, बाकीची सरळ. समोर कुणी नव्हतं. तिनं मनातल्या मनात एक बॉल येऊ दिला, त्याच्याबरोबर वर उठली, हात मागं घेत तो झेलला. मग दुसरा, पायांच्या बाजूला गेलेला, त्याच्यासाठी झपकन सरकली. गुडघ्यातून कळ आली. ती परत बसली. आता ती आईला दाखवत नव्हती. तिसरा बॉल वळून बाहेर निघाला, बॅटच्या खालून, आणि ह्यावेळी तिनं हात थांबवले नाहीत.

मालनबाई पदर डोळ्यांवर धरून उन्हातून नीट बघत होती. खुर्च्या गोळा करणारा माणूस तिच्यापर्यंत आला. सगळ्या झाल्या होत्या, तेवढी एकच राहिली होती.

“आजी, उठा. खुर्ची द्या, टेम्पो भरायचाय.”

मालनबाईनं त्याच्याकडं मान वळवली नाही.

“थांब रं बाबा जरा,” ती म्हणाली, “माझी पोरगी खेळायलीय.”